मागचे दोन टायर

तात्यापारा, रायपूर
२० मार्च २०२५

ती. दादा,

तुझं संक्रांतीचं पत्र आलं होतं आणि मी उत्तर आता होळी झाल्यावर लिहून राहिली. रागावू नको. फोनवर तुले ऐकू येत नाही, आणि शारदानं माझं प्रत्येक वाक्य तुझ्या कानाशी ओरडून सांगावं हे मले बरं वाटत नाही. सून असली तरी तिलेही कामं असतात. मोबाईलवर लिहिलेलं तू वाचत नाही. म्हणून पत्रच बरं.

आज तुझ्या कामातली गोष्ट विचारायची आहे. आपल्या पिकअपचे टायर गेले. चारही गोटे झाले, मागच्या एकातून तर तार बाहेर आली. अनिमेष म्हणाला, "मम्मी, मामाजी से पूछ लो। तीस साल डिपो में टायर ही तो देखे हैं उन्होंने।" पोट्टा मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. तुझ्यावर त्याचा भरवसा मात्र पक्का आहे.

दोन वर्षांत तू इकडे आला नाही म्हणून सांगते. हे गेल्यावर मी डबे सुरू केले होते ते तुले माहीत आहे. ते आता बंद. आता लग्नाच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. अकरा बाया आहेत माझ्याजवळ. सगळ्यात जुनी मीराबाई, जिच्या हातची खुर्मी मी तुले दिवाळीत पाठवली होती. शंकर नगर, नवा रायपूर, कुठून कुठून बोलावणं येते. अनिमेषची नोकरी सुटल्यावर ही पिकअप घेतली ती याच कामासाठी. भांडी, शेगड्या, सिलिंडर, किराणा, सगळं तिच्यातच जाते.

ट्रकांच्या अड्ड्याजवळ एक टायरवाला आहे. तो म्हणते, समोर दोन नवे घ्या, मागे दोन रिमोल्ड टाका, सीझन आरामात निघून जाईल. चारही नवे घेतले तर यंदा स्वयंपाकाच्या मोठ्या डेगा घेता येत नाहीत, आणि डेगा नसल्या तर पाचशे पानांची ऑर्डर सोडावी लागते. चौदा एप्रिलनंतर लग्नं सुरू होतील. रिमोल्ड चालतील का? चालतील असं लिहिशील तर मले मोकळं वाटेल.

तुझी,
प्रमोदिनी


पुलगाव, जि. वर्धा
२७ मार्च २०२५

चि. प्रमोदिनीस आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. तू प्रश्न विचारलास आणि उत्तरही सोबत लिहून पाठवलंस. लहानपणी बाबांकडे परवानगी मागायचीस तशीच. पण टायर असा ठरत नाही.

रिमोल्ड म्हणजे काय ते आधी समजून घे. जुन्या टायरचा सांगाडा घेतात आणि त्यावर नवं रबर चढवतात. वरून काळाभोर, नवा दिसतो. आतला सांगाडा जेवढ्या वर्षांचा असेल तेवढ्याच वर्षांचा राहतो. तो कुठे कुठे फिरून आला, कोणत्या खड्ड्यात आपटला, हे कोणालाच माहीत नसतं. मी हातोडीने ठोकून आवाज ऐकायचो. आतून सुटलेला टायर बद्द वाजतो. तुझ्या टायरवाल्याकडे तेवढा वेळ नसेल.

आमच्या डेपोत बसच्या मागच्या चाकांना रिमोल्ड असायचे. हे तुला कोणीतरी सांगेलच, म्हणून आधी मीच सांगतो. पण बसला मागे एका बाजूला दोन टायर असतात. एक गेला तर दुसरा गाडी धरून ठेवतो. तुझ्या पिकअपला एका बाजूला एकच आहे. तो गेला की धरायला काही नाही.

तेव्हा मला नीट लिही. तो जे दोन रिमोल्ड दाखवतो आहे त्यांच्या अंगावर एका लंबगोलात चार आकडे असतील. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते स्वतः जाऊन वाच, त्याच्या तोंडचे घेऊ नको. गाडीत वजन किती भरता ते लिही. आणि मागे माणसं बसतात का ते लिही. अकरा बाया कामाला कशा जातात? खरं लिही. त्यावरच सगळं आहे.

तुझा,
नीलकंठदादा


तात्यापारा, रायपूर
४ एप्रिल २०२५

ती. दादा,

मी स्वतः गेली होती दुकानात. अनिमेष किराण्याले गेला होता, म्हणून एकटीच. टायरवाला हसला, म्हणे, "माताजी, आप नंबर पढ़ने आई हैं?" मी चष्मा लावून, पदरानं माती पुसून वाचले. एकावर २११९ आहे, दुसऱ्यावर ३४१७. मले तर दोन्ही चांगलेच दिसले. नक्षी अशी खोल की बोट आत जाते.

वजन नऊशे किलोच्या आतच असते.

माणसांचं विचारलं तू. मागे कोणी बसत नाही रे. बाया आपापल्या ऑटोनं येतात. मी अनिमेषजवळ पुढे बसते, एवढंच.

इकडे ऊन आत्ताच असं की दुपारी आमच्या पाऱ्यात, गल्लीत, कुत्रं दिसत नाही. मीराबाईचा गुडघा धरला आहे. उभी राहताना भिंतीचा आधार घेते, पण काम सांगितलं की "हव दीदी, हो जाही" म्हणते आणि पुऱ्या लाटायले बसते. तिच्यासारखी दुसरी मिळायची नाही.

लवकर उत्तर पाठव. दुकानदार थांबणार नाही.

तुझी,
प्रमोदिनी


पुलगाव
९ एप्रिल २०२५

चि. प्रमोदिनीस आशीर्वाद.

ते दोन्ही टायर घेऊ नको. एकाचा सांगाडा २०१९ सालचा, दुसऱ्याचा २०१७ चा. आठ वर्षांचा सांगाडा, त्यावर नऊशे किलो, आणि तिकडचं वैशाखाचं ऊन. रस्ता तापतो, टायर आतून तापतो, आणि वर चढवलेलं रबर सांगाड्यापासून सुटतं. हे मी कुठे वाचलेलं नाही. असे टायर मी माझ्या हातांनी उतरवले आहेत.

माझ्या मते चारही नवे घ्या. डेगा भाड्याने मिळतात. तेवढं जमतच नसेल आणि गाडीत खरोखर फक्त माल जात असेल, तर पुढे दोन नवे लावा. मागे रिमोल्ड लावायचेच तर तीन वर्षांच्या आतल्या सांगाड्याचे पाहा. वजन सातशेच्या वर नको, वेग पन्नासच्या वर नको, आणि भर उन्हात गाडी काढू नका.

मालाच्या गाडीत माणसं बसवायचीच नसतात, ते तुला सांगायला नको. पण कधी वेळ आलीच, एकदा, एका बाईसाठी, तर चारही टायर नवे असले पाहिजेत. नसतील तर गाडी उभी ठेवा.

हे पत्र अनिमेषला पूर्ण वाचून दाखव. गाडी तो चालवतो.

तुझा,
नीलकंठदादा


तात्यापारा, रायपूर
१६ एप्रिल २०२५

ती. दादा,

काल टायर लागले. तू सांगितलं तसेच, समोर दोन नवे, मागे दोन रिमोल्ड. आता काळजी नाही. अनिमेष फार खूश आहे, म्हणते गाडी लोण्यासारखी चालते. त्यानं तुले नमस्कार सांगितला आहे.

डेगाही घेतल्या. येत्या रविवारी पहिली ऑर्डर. फार घाईत आहे, म्हणून एवढंच.

तुझी,
प्रमोदिनी


पुलगाव
२४ एप्रिल २०२५

चि. प्रमोदिनीस आशीर्वाद.

तुझं छोटं पत्र मिळालं. टायर लागले हे कळलं. मागच्या दोघांचे आकडे तू लिहिले नाहीस. आधीचे ते दोन नाहीत ना? दुसरे मिळाले असतील तर त्यांचे आकडे कळव. दोन ओळी पुरेत.

हवा सकाळी गाडी थंड असताना तपासायची. दुपारी तपासली तर आकडा खोटा दिसतो.

आकडे लगेच कळव.

नीलकंठदादा


पुलगाव
६ मे २०२५

चि. प्रमोदिनी,

अजून उत्तर नाही. काल शारदाने पेपरातली एक चार ओळींची बातमी वाचून दाखवली. नवा रायपूरजवळ पिकअप उलटून स्वयंपाकाला जाणाऱ्या तीन बाया गेल्या. गाव नाही, नाव नाही. शारदाने तुझा फोन लावला, बंद येतो. अनिमेषचाही बंद.

ती तुमची गाडी नाही, एवढं एका कार्डावर लिहून टाक. मी रोज अकरा वाजता पोस्टमनची वाट पाहतो.

दादा


तात्यापारा, रायपूर
१९ मे २०२५

दादा,

ती आपलीच गाडी.

तुझं सहा तारखेचं पत्र येऊन आठ दिवस झाले. माझ्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं आहे. उजवा हात चांगला आहे, म्हणजे लिहिता येत नव्हतं असं नाही.

अक्तीचा दिवस होता, तुमच्याकडची अक्षय्य तृतीया. इकडे त्या दिवशी जिकडे पाहा तिकडे लग्न. नवा रायपूरच्या पुढे एका फार्महाऊसवर संध्याकाळची ऑर्डर होती. साडेदहाले निघालो. मागे डेगा, कांद्याची पोती, सिलिंडर, आणि अकरा बाया. हो दादा, अकरा. पहिल्या दिवसापासून त्या मागेच बसतात. तिकडे ऑटोवाले यायले तयार नसतात, आणि त्या रुंद रस्त्यांवर बस घंटा घंटा दिसत नाही. मी तुले खोटं लिहिलं. लिहितेवेळीच माहीत होतं की खरं लिहिलं तर तू नाही म्हणशील.

आणि टायर तेच होते, २११९ आणि ३४१७. तुझं नऊ तारखेचं पत्र यायच्या आधीच मी दुकानात हो म्हणून आली होती. पत्र आल्यावर पुन्हा गेली. तो म्हणे, दुसरे नाहीत, हेच आहेत, नाहीतर चारही नवे घ्या. डेगांचे पैसे देऊन झाले होते. मी हेच घेतले. लावून देताना अनिमेषनं विचारलं, "मामाजी ने हाँ बोला न?" मी म्हटलं, हो. तुझं पत्र त्याले दाखवलं नाही. त्याले मराठी वाचायले वेळ लागते, म्हणून मीच सांगते म्हटलं. समोर नवे, मागे रिमोल्ड, एवढंच सांगितलं.

रस्ता सरळ होता, मोकळा. अनिमेष सत्तरनं चालवत असेल. मागून मीराबाईनं केबिनची काच ठोकली. मी वळून पाहिलं. ती नाकाकडे बोट दाखवत होती, वास येऊन राहिला म्हणून. मले वाटलं एखादा सिलिंडर लीक असेल. मी अनिमेषले म्हटलं, पुढे झाड दिसलं की थांबव, उन्हात काहून उभं राहायचं. दोन मिनिटंही झाली नसतील. मोठा आवाज झाला, गाडीचा मागचा भाग गोल फिरला आणि गाडी आडवी पडली. मी अनिमेषच्या अंगावर पडली. बाहेर निघाली तेव्हा रस्त्यावर मागे लांबच लांब रबराची पट्टी पडली होती. अख्खी सोलून निघाली होती. समोरचे दोन्ही टायर तसेच होते, हवा भरलेले.

मीराबाई डेगीखाली सापडली. गुडघ्यामुळे तिले खाली बसता येत नव्हतं, म्हणून ती उलट्या डेगीवर बसली होती. फुलेश्वरी आणि दुलारी रस्त्यावर फेकल्या गेल्या. तिघी तिथंच गेल्या. बाकीच्या आठ जणी दवाखान्यात होत्या, सहा जणी घरी गेल्या, दोघी अजून तिथंच आहेत. मीराबाईले आम्ही चौघांनी मिळून ओढलं, डेग हलत नव्हती. तिचा हात माझ्या हातात होता.

अनिमेष जेलमध्ये आहे. टायरवाल्यानं पोलिसांत सांगितलं, मी लडक्याले बजावून सांगितलं होतं, हे फक्त मालासाठी आहेत, सवारी बसवू नको. हे खोटं आहे. सौदा ठरला तेव्हा अनिमेष दुकानात नव्हताच, मी एकटी होती, आणि लावून देतानाही तो असं काही बोलला नाही. पण पोलिसांनी विचारलं तेव्हा अनिमेषनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हाँ, मुझे मालूम था। मम्मी को इन सब का कुछ नहीं पता।" त्याले माहीत होतं टायर कोणी आणले ते.

अनिमेषची केस अच्युत वकिलांकडे आहे. ते म्हणतात, नुसता निष्काळजीपणा असता तर जमानत तेव्हाच झाली असती. पण धोका माहीत असून माणसं बसवली, असं आलं की कलम मोठं होते, वर्षं मोठी होतात. मी त्यांले तुझ्या पत्रांचं सांगितलं. त्यांनी कपाळाले हात लावला. म्हणाले, हे कागद बाहेर आले तर आता मुलगा आहे, उद्या तुम्हीही जाल. एकाच्या जागी दोघं.

म्हणून लिहून राहिली. माझी पत्रं तुझ्याजवळ असतील, तू काही फेकत नाहीस. ती जाळून टाक. माझ्याजवळची तुझी मी जाळते. कोणी विचारायले आलं तर म्हण, टायरचं आमचं काही बोलणं झालं नाही. दादा, मी आजपर्यंत तुले काही मागितलं नाही.

प्रमोदिनी


पुलगाव
२६ मे २०२५

प्रमो,

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते घेऊन मागच्या अंगणात बसलो आणि तीनदा वाचलं. शारदाला अजून काही सांगितलं नाही.

मी पत्रं जाळणार नाही. पोलिसांकडेही पाठवणार नाही. तुझी चारही पत्रं याच पाकिटात, रजिस्टरने, तुला परत पाठवतो आहे. माझी तुझ्याकडे आहेतच, तू ती जाळली नसशील तर. आता सगळे कागद तुझ्या हातात आहेत. त्यांचं काय करायचं ते तू ठरव. माझ्या हाताने मी ते करणार नाही, आणि कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही.

आता माझं ऐक. अकरा बाया रोज पदरच्या पैशाने ऑटो करून वीस-पंचवीस किलोमीटर जातात, हे मला पटलं होतं असं समजू नको. मला पटलं नव्हतं. मी चार तारखेचं पत्र वाचून खाली ठेवलं आणि मनात म्हटलं, ही बसवत असणार. तरी मी "फक्त माल जात असेल तर" असं लिहिलं. बहिणीचा धंदा नुकता उभा राहतो आहे, भाच्याला काम मिळालं आहे, आपण इथे बसून तो मोडायचा कशाला, असं वाटलं. डेपोत असा कागद माझ्यापुढे आला असता तर मी त्यावर सही केली नसती. मेकॅनिकने ओरडा केला असता तरी केली नसती. तुझ्यासाठी मी फट ठेवली आणि तू त्या फटीतून गाडी नेलीस. ते वाक्य लिहिणारा हात माझा आहे. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही.

वकील त्यांच्या जागी बरोबर असतील. मला कायदा कळत नाही. पण पोट्टा तुले वाचवून राहिला आणि तू वाचून राहिली, एवढं मले कळते. त्याले माहीत नव्हतं. तुले माहीत होतं. मी लिहून कळवलं होतं.

मीराबाईच्या घरी गेलीस का? तुझ्या पत्रात ते नाही.

मी यायला तयार आहे. ऐकू येत नाही, पण तुझ्याजवळ बसून राहता येईल.

दादा


तात्यापारा, रायपूर
१२ जून २०२५

ती. दादा,

पाकीट मिळालं. माझीच पत्रं माझ्या हातात आली तेव्हा पहिले तुझा राग आला. दोन दिवस ती देवाच्या कपाटात ठेवली, उघडली नाही. तुझी मी जाळली नव्हती. दोनदा गॅसजवळ घेऊन गेली होती.

तिसऱ्या दिवशी जेलच्या मुलाखतीले गेली. अनिमेषची दाढी वाढली आहे, वाळला आहे. मी बोलायले लागली तर म्हणाला, "मम्मी, आप कुछ मत बोलना। मेरा जो होना था हो गया।" मी तुझं नऊ एप्रिलचं पत्र काढलं आणि जाळीले लावून धरलं. तो एकेक अक्षर लावत वाचत होता, ओठ हलत होते. दोन जागी अडला, मले विचारलं. शेवटपर्यंत वाचलं त्यानं. मग म्हणाला, "ये कब आया था?"

मी म्हटलं, तेरा एप्रिलले.

"और टायर?"

पंधराले.

त्यानं पत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वेळ बाकी होती अजून. तो उठला आणि आत निघून गेला. मी जाळीजवळ पत्र धरून तशीच उभी. शिपाई म्हणाला, "माताजी, हो गया, चलिए।"

तिथून निघाली ती मीराबाईच्या घरी गेली. तू विचारलं होतं. नाही, तोपर्यंत गेली नव्हती. खांद्याचं निमित्त करत होती. तिच्या नवऱ्याले, गंगाधरले, भेटायले गेली तर घराले कुलूप. शेजारीण म्हणाली, मीराबाईच्या मृत्यूच्या कागदांसाठी ठाण्यात गेला आहे, रोज जाते, रोज परत पाठवतात.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेली. अच्युत वकील सोबत आले, पण दारापर्यंत समजावत होते, अजून परत चला. गंगाधर आत बाकावर बसला होता, हातात प्लास्टिकची थैली. त्यानं मले पाहून नमस्कार केला. मले नमस्कार केला त्यानं, दादा.

साहेबांसमोर मी सगळी पत्रं ठेवली. त्यांनी उलटून पाहिली, म्हणाले, "ये तो मराठी है। क्या लिखा है इसमें?" मग मले म्हणाले, तुम्हीच वाचून हिंदीत सांगा, मुंशी लिहून घेईल. मले वाटलं होतं, कागद देईन आणि मोकळी होईन. तसं नाही झालं. एकेक ओळ मलेच बोलावी लागली. चार एप्रिलच्या पत्रावर आली. "पीछे कोई नहीं बैठता। औरतें अपने ऑटो से आती हैं।" मुंशीनं लिहिता लिहिता मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. मग तुझं पत्र वाचलं. एक बार भी, एक औरत के लिए भी, तो चारों टायर नए। नहीं तो गाड़ी खड़ी रखना.

मागून गंगाधर उठून आला. कोणी त्याले अडवलं नाही. मले वाटलं मारेल. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. तो टेबलाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "एक बार अउ पढ़ दे, दीदी।"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी परत वाचलं, तीच ओळ. त्यानं ऐकलं. "हव," म्हणाला. मग बाकावरची थैली उचलली आणि निघून गेला. त्याचे कागद त्या दिवशीही नाही मिळाले.

माझं नाव आता केसमध्ये आलं आहे. टायरवाल्यालेही परत बोलावलं, त्याचं बयान बदललं. परवा अनिमेषची जमानत झाली. तो घरी आला, आंघोळ केली, आणि वर जाऊन झोपला. माझ्याशी बोलत नाही. ताट वाढून जिन्यात ठेवते, रिकामं परत येते. बायांपैकी कोणी येत नाही. मीही बोलावलं नाही, कोणत्या तोंडानं बोलावू.

उद्या मले कोर्टात हजर व्हायचं आहे. वकील म्हणतात, लगेच सोडतील की आत घेतील, सांगता येत नाही. दोन साड्या, गोळ्या आणि चष्मा पिशवीत भरून ठेवला आहे. तू सध्या येऊ नको. आला तर मी तुझ्या आड लपेन, मले माहीत आहे मी कशी आहे. निकाल काय लागते ते कळलं की मी नाहीतर अनिमेष लिहू.

हे लिहीत असताना तो खाली आला. पाणी प्याला, पिशवीकडे पाहिलं. जेलमधल्या त्या मुलाखतीनंतर पहिल्यांदा आवाज ऐकला त्याचा. म्हणाला, "कल कितने बजे?"

मी म्हटलं, अकरा.

"ठीक है। पैदल चलेंगे।"

तुझी,
प्रमोदिनी